जुनी गाडी आणि तिचं प्रगतिपुस्तक

"आई, आम्ही जुनी गाडी घेतली तर तू पुण्यात कुणाला सांगणार नाहीस ना?"

लेकीने हा प्रश्न विचारला तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. हातातली जुडी तशीच राहिली. जुनी गाडी घ्यायची म्हणजे जणू काही चोरीच करायची, असा तिचा आवाज होता. चाळिशीला आलेली, दोन मुलांची आई असलेली, स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी, आणि आत्या काय म्हणेल, मामी काय म्हणेल याची धास्ती! "स्वीडनला जाऊन वीस वर्षांची गाडी?" हे वाक्य तिला कुणीही म्हणण्याआधीच ऐकू येत होतं.

आता तुम्ही विचाराल, मग बाई, तुम्ही इथे जाहीर का लिहिताय? लेकीची परवानगी घेतली आहे. कशी मिळाली ते शेवटी सांगते.

मी सध्या गोथेनबर्गला आहे. व्हिसा तीन महिन्यांचा, त्यातले दोन संपत आले. जावयांचं आधीचं काम गेल्या वर्षी संपलं. नवीन मिळालं, पण पगार कमी आणि जागा गावाबाहेर चाळीस किलोमीटरवर. पहाटेच्या पाळीला तिथे बस पोचत नाही. धाकटा आठ महिन्यांचा. नवीन गाडीचा हप्ता परवडण्यासारखा नाही आणि गाडीवाचून भागण्यासारखंही नाही. अशी ही कोंडी. जावयांच्या मनात एक जुनी टर्बो स्टेशन वॅगन भरली होती, लेकीच्या मनात धाकधूक होती, आणि मला यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला "तुला काय कळतंय" असं कुणी म्हटलं नाही तरी ते आपोआप ऐकू येतं. मी वही काढली आणि शिकायला बसले.

गाडीचं नाव व्होल्वो व्ही७०. आपल्याकडे व्होल्वो म्हणजे बस! "व्होल्वोने आलो" म्हणजे दादर-पुणे शिवनेरीने, अंगावर शाल घेऊन आलो. या बसगाड्या आपल्याकडे २००१ पासून धावू लागल्या, आणि तोवर मूळ कंपनीने आपला मोटारींचा धंदा फोर्डला विकूनही टाकला होता, १९९९ मध्ये. फोर्डने तो २०१० मध्ये चीनच्या गीलीला विकला. म्हणजे शिवनेरीची व्होल्वो आणि लेकीच्या दारातली व्होल्वो या आता चुलत बहिणीसुद्धा नाहीत, फक्त आडनाव सारखं. पण गाडी मात्र अस्सल इथलीच, गोथेनबर्गच्या टोर्सलांडा कारखान्यातली. लेकीच्या घरापासून फार लांब नाही.

शब्दांचा नाद सुटत नाही, म्हणून हेही सांगून टाकते. स्टेशन वॅगन हा शब्द अमेरिकेचा. रेल्वे स्टेशनवरून माणसं आणि त्यांच्या ट्रंका घरी पोचवणारी ती स्टेशन वॅगन, म्हणजे आपला टांगाच म्हणा ना. इंग्रजांकडे हीच 'इस्टेट', जमीनजुमल्यावर फिरायची गाडी. आणि स्वीडिश लोकांचा जुना शब्द आहे 'हेरगोर्ड्सवाग्न', शब्दशः वाड्यावरची गाडी. थोडक्यात, लेक ज्या गाडीची लाज बाळगत होती तिचं नाव इथल्या भाषेत इनामदारांच्या वाड्यावरचं आहे! आपल्याकडे मात्र हा प्रकार रुजला नाही. १९९२ मध्ये पुण्याच्या टेल्कोने टाटा इस्टेट काढली होती. पुढे तेव्हाच्या औरंगाबादेत स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बीही जुळवली जात होती. पण आपल्या लोकांना गाडीला मागे खोलीसारखी लांबलचक डिकी म्हटली की अँब्युलन्सच आठवते. इथे त्याच लांब डिकीत बाबागाडी, बर्फावरची घसरगाडी, आठवड्याचा किराणा आणि कुत्रा, सगळं एकदम जातं.

आता टर्बोविषयी. जावयांनी आकृत्या काढून समजावलं, पण मला उमगलं ते फुंकणीमुळे. आमच्या लहानपणी चुलीत ओली लाकडं धुमसत असली की आजी फुंकणीने फुंकर घालायची आणि भपकन जाळ व्हायचा. लाकूड तेवढंच, हवा जास्त. टर्बोचं तत्त्व तेच. इंजिनात जास्त हवा कोंबली की जास्त पेट्रोल जळतं आणि लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. गंमत म्हणजे ही फुंकणी फुंकायला वेगळं माणूस लागत नाही. इंजिनाचा बाहेर जाणारा धूरच एक चक्र फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र ताजी हवा आत ढकलतं. वाया जाणाऱ्या धुराला कामाला लावायची ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरला सुचली आणि १९०५ मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं. पेट्रोलच्या घरगुती गाडीत टर्बो रुळवण्यात स्वीडनच्याच साब कंपनीचा मोठा वाटा, त्यांची ९९ टर्बो १९७८ पासून विकली जाऊ लागली. व्होल्वोने १९८१ मध्ये आपल्या चौकोनी २४० ला टर्बो बसवला.

पण युक्तीची किंमतही असते. ते चक्र मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतं. आपला स्वयंपाकघरातला मिक्सर वीसएक हजारांत कानठळ्या बसवतो, त्यावरून अंदाज करा. शिवाय एका बाजूने लाल होईल इतका गरम धूर. हे सगळं तोललेलं असतं ऑइलच्या एका पातळ थरावर. ऑइल स्वच्छ आणि वेळेवर, तर टर्बो वर्षानुवर्षं चालतो. ऑइल काळं, घट्ट, महिनोन्महिने न बदललेलं, तर त्याचे दिवस भरले. टर्बोच्या गाडीचं सगळं भविष्य ऑइलच्या पावत्यांत लिहिलेलं असतं, असं माझं मत झालं आहे.

गाडीची कुंडली थोडक्यात सांगते, ज्यांना रस नाही त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. व्होल्वोची ८५० ही गाडी १९९१ मध्ये आली, १९९३ मध्ये तिची वॅगन आली. १९९४ मध्ये तर कंपनीने ही लांबलचक वॅगन ब्रिटनच्या मोटार शर्यतीत उतरवली आणि लोकांना हसावं की घाबरावं ते कळेना! त्याच घराण्यातली पुढची व्ही७०. आम्ही बघत होतो ती तिची दुसरी पिढी, २००० ते २००७ या काळात बनलेली. इंजिन पाच सिलिंडरचं, आडवं बसवलेलं. चार नाही, सहा नाही, पाच. त्यामुळे तिचा आवाजही जरा वेगळा, घोगरा. '२.५टी' या प्रकारात २५२१ सीसी, सौम्य दाबाचा टर्बो, २१० अश्वशक्ती. जोर ३२० न्यूटन मीटर आणि तो अगदी पंधराशे फेऱ्यांपासून मिळतो, म्हणजे चढावर सारखा गिअर बदलावा लागत नाही. 'टी५' हा तिचा तापट भाऊ, आधी २५० आणि नंतर २६० अश्वशक्तीचा. 'आर' हा ३०० अश्वशक्तीचा, त्याच्या वाटेला आपण जाऊ नये. लांबी चार मीटर सत्तर सेंटिमीटरच्या आसपास, पेट्रोलची टाकी सत्तर लिटरची. मागची आसनं पाडली की सोळाशे लिटरांहून जास्त सामान मावतं. वळायला मात्र जागा फार लागते. आपल्या सदाशिव पेठेत ही गाडी एका दमात वळणार नाही, हे मी खात्रीने सांगते.

आता मुख्य भाग, दुखण्यांचा. पंचवीस-तीस वर्षं एकाच घराण्याच्या गाड्या लोक वापरतात, तेव्हा तिची दुखणी गुपित राहत नाहीत. मी वहीत उतरवलेली अशी.

पहिलं, टायमिंग बेल्ट. इंजिनातल्या झडपा आणि पिस्टन यांची वेळ जुळवून ठेवणारा हा रबरी पट्टा. तो तुटला तर या इंजिनात पिस्टन वर येऊन उघड्या झडपांवर आदळतो, आणि मग इंजिनकाम काढण्यावाचून गत्यंतर नाही. बेल्ट तुटण्याआधी काही आवाज करेलच असं नाही. म्हणून तो किलोमीटर आणि वर्षं या दोन्ही हिशेबांनी बदलायचा, आणि सोबत त्याचा ताणरोळ आणि पाण्याचा पंपही. "गाडी फार फिरलेलीच नाही" म्हणून बारा वर्षांचा बेल्ट चालवणारे लोक असतात. रबर वयाने मरतं, फिरण्याने नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

दुसरं, इंजिनाचा श्वास. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू खाली निसटतोच, तो बाहेर काढायला नळ्या आणि एक ऑइल गाळणारी डबी असते. ती काजळीने तुंबली की आत दाब साठतो. कुकरची शिट्टी तुंबली तर वाफ रबरातून फुसफुसते ना, तसंच इथे इंजिनाच्या सीलमधून ऑइल गळू लागतं. सील स्वस्त असतात, पण तिथवर पोचायला अर्धी गाडी उकलावी लागते. याची परीक्षा मात्र अगदी घरगुती आहे. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायच्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून बसवायचा. मोजा फुगला, तर नळ्या तुंबल्या. मोजा लोंबत राहिला किंवा जरासा आत ओढला गेला, तर ठीक.

तिसरं, १९९९ ते २००१ च्या गाड्यांतलं इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल. त्यातले संपर्क झिजून इंजिन मधेच मरगळतं. त्यापुढच्या वर्षांत ते बदललं, म्हणून शक्यतो २००२ नंतरची गाडी बघावी. चौथं, ऑटोमॅटिक गिअर. गिअर बदलताना धक्का बसत असेल तर सावध. गिअरचं ऑइल जन्मभराचं असतं अशी समजूत आहे, पण जन्म कुणाचा, गाडीचा की गॅरंटीचा, हे विचारावं. जाणकार ते ठराविक अंतराने बदलतातच. पाचवं, चारही चाकं ओढणारा प्रकार घेतला तर पुढचा अँगल गिअर आणि त्याची दातेरी कडी झिजते, आणि चारही टायर सारखे झिजलेले असावे लागतात. बर्फात त्याची मदत होते, पण खर्चाचं एक खातं वाढतं. आम्ही पुढच्या दोन चाकांचीच बघायची ठरवली.

बाकी मग वयोमानाप्रमाणे. पुढच्या शॉकअपच्या वरची रबरं, बुश, खडबडीत रस्त्यावर होणारा टक-टक आवाज, टर्बोच्या हवेच्या रबरी नळ्यांना पडणाऱ्या चिरा, डिकीचं दार वर-खाली करून तुटणाऱ्या आतल्या वायरी. माझे गुडघे आणि या गाडीचे बुश यांची तक्रार साधारण सारखीच आहे, आणि त्यासाठी दोघींनाही भंगारात काढायचं कारण नाही.

यादी हातात घेऊन आम्ही पहिली गाडी बघायला गेलो. ती व्होल्वो नव्हती, दुसऱ्याच एका कंपनीची टर्बो वॅगन होती. नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, ठेवणाऱ्याचा होता. गाडी आरशासारखी चकचकीत. नुकतीच पॉलिश केलेली, आत सुगंध मारलेला. विकणारा बोलायला गोड. लेक आणि जावई दोघंही खूश. मी विचारलं, "ऑइलच्या पावत्या?" लेकीने भाषांतर केलं. तो म्हणाला, एक मित्र घरीच बदलून देतो. "बेल्ट?" बदलला असावा. मी पर्समधून भांडी घासायचा पिवळा हातमोजा काढला. जावयांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बिचाऱ्यांनी तो बसवला. दोन मिनिटांत मोजा फुगून पाच बोटं वर करून उभा राहिला, वर्गात उत्तर येणाऱ्या पोरासारखा! विकणारासुद्धा हसला. आम्ही आभार मानून परत आलो.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत होते. लेकीला वाटलं मी दमले. मी दमले नव्हते. मला १९८७ साल आठवत होतं.

आम्ही तेव्हा कराडला होतो. आमच्या ह्यांनी एका ओळखीच्या माणसाकडून जुनी चारचाकी घेतली. घरातली पहिली गाडी. मला न विचारता घेतली, मला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून. माझ्या भावाच्या मुलीचं पुण्याला लग्न होतं आणि ह्यांच्या मनात होतं की यावेळी एस.टी.ने नाही, आपल्या गाडीने मांडवासमोर उतरायचं. खंबाटकीच्या घाटात टेम्परेचरचा काटा वर गेला आणि बॉनेटमधून वाफा आल्या. मे महिन्याचं ऊन. मी, दोन पोरं, जरीची साडी. हे रस्त्याच्या कडेला हातात पाण्याचा डबा घेऊन उभे. शेवटी एका ट्रकवाल्याने आम्हाला खाली सोडलं. पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.

फिटरने नंतर सांगितलं, "साहेब, हिच्यात ऑइलच्या जागी डांबर आहे. वर्षानुवर्षं कुणी बघितलेलंच नाही." पण त्याआधी, मांडवात, सगळ्या नातेवाइकांसमोर मी बोलून गेले होते. "नवीन घ्यायची ऐपत नव्हती तर घ्यायचीच कशाला?" असं. हे काही बोलले नाहीत. पंगतीत नीट जेवले, आहेर केला. पुढच्या महिन्यात गाडी मिळेल त्या भावाला विकली आणि पुन्हा जन्मात कधी गाडीचं नाव काढलं नाही. मुलं कमावती झाली, "बाबा, गाडी घेऊ या" म्हणाली, तेव्हासुद्धा "एस.टी. चांगली आहे" एवढंच. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. त्या वाक्याची मी कधी माफी मागितली नाही. त्यांनाही आठवत नसेल, असं मी स्वतःला सांगत आले. आठवत होतं. नसतं आठवत तर त्यांनी गाडी घेतली असती.

इतकी वर्षं मी समजत होते की चूक जुनी गाडी घेण्याची होती. परवा त्या बसमध्ये पहिल्यांदा वेगळं वाटलं. जुनी गाडी घेण्यात ह्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, एवढंच. ओळखीचा माणूस, त्याला पावत्या कशा मागायच्या? अविश्वास दाखवल्यासारखं होईल. भिडेपोटी गप्प बसले. आणि गप्प बसले याचं कारण असं, की जुनं घेणं आपल्यात मुळातच कमीपणाचं मानलं जातं. कमीपणाचं काम माणूस पटकन, मान खाली घालून उरकतो. मान खाली घातलेला माणूस बॉनेट उघडून बघत नाही.

हेच मला मांडायचं आहे. आपण मध्यमवर्गीय माणसं जुनी वस्तू घेतो तेव्हा दोनदा फसतो. एकदा विकणारा फसवतो आणि एकदा आपली लाज. आपण वर्गातल्या मुलाचं प्रगतिपुस्तक ओळ न् ओळ वाचतो, जावई शोधताना सात पिढ्या काढतो, पण लाखांची जुनी गाडी तिचा रंग बघून घेतो. गाडीलाही प्रगतिपुस्तक असतं. इथे तर ते सरकारी असतं. जुन्या गाडीला दर चौदा महिन्यांनी तपासणीला जावंच लागतं आणि नंबर टाकला की तिची किती मालकी झाली, तपासणीला किती किलोमीटर झाले होते, हे कुणालाही बघता येतं. आपल्याकडेही पंधरा वर्षांनी फेरनोंदणी आणि फिटनेस आहेच, पण गाडीचा रोजचा इतिहास कागदावर ठेवण्याची सवय आपल्याला नाही. सर्व्हिसिंगच्या पावत्या आपण रद्दीत घालतो. माझं मत विचाराल तर विकताना किंमत कशाला यायला हवी? त्या रद्दीला.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर वर्गातली हुशार मुलं हात वर करतील. जुनी टर्बो पेट्रोल गाडी पेट्रोल जास्त पिते, धूरही नव्या गाडीपेक्षा जास्तच. समोर माणूस आला तर आपोआप ब्रेक लावणारी आजची यंत्रणा तिच्यात नाही. या कंपनीचा सुरक्षेचा वारसा मोठा आहे हे खरं. तीन ठिकाणी बांधला जाणारा सीटबेल्ट त्यांच्याच निल्स बोलिन या इंजिनियरने १९५९ मध्ये आणला आणि कंपनीने तो सगळ्यांना वापरू दिला. पण वारसा म्हणजे वर्तमान नव्हे. दुसरं म्हणजे सुटे भाग. शेजारच्या साबचं २०११ च्या डिसेंबरात दिवाळं निघालं, तिच्या वॅगन चालवणाऱ्यांना काही भागांसाठी वणवण करावी लागते. कंपनी जिवंत आहे का, गावात ती गाडी जाणणारा मेकॅनिक आहे का, हे आधी बघावं. आणि तिसरं, गाडी घेऊन हात रिकामे करू नयेत. घेतली त्याच दिवशी थोडे पैसे तिच्या औषधपाण्याला बाजूला ठेवावेत. तेवढे नसतील तर ती गाडी आपल्याला परवडत नाही, मग ती कितीही स्वस्त असो. म्हणजे "जुनं तेच सोनं" असं माझं म्हणणं नाही. सोनंसुद्धा आपण कसावर घासून घेतो, इतकंच माझं म्हणणं.

दुसरी गाडी बघायला गेलो ती व्ही७०, २००६ ची, २.५टी. जाहिरातीत लिहिलं होतं की गाडी एकोणीस हजार चालली आहे. मी म्हटलं, हा माणूस चक्क खोटं बोलतोय! मग कळलं की इथले लोक अंतर 'मील'मध्ये मोजतात आणि इथला मील म्हणजे दहा किलोमीटर. म्हणजे एक लाख नव्वद हजार. गाडी एका निवृत्त जोडप्याची, बाई माझ्याच वयाच्या. दारावर दोन ओरखडे, आसनाचं कातडं सुरकुतलेलं, कुत्र्याचा वास. पण बाईंनी टेबलावर एक जाड फाइल ठेवली. पहिल्या दिवसापासूनच्या पावत्या, तारखेने लावलेल्या. ऑइल, ऑइल, ऑइल. बेल्ट आठ वर्षांपूर्वी, पंपासकट. श्वासाच्या नळ्या एकदा बदललेल्या. पानांच्या कडेला पेन्सिलीने शेरे. मला भाषा कळली नाही, पण शेरे कळले. चांगल्या वर्गशिक्षिकेची वही कुठल्याही देशात ओळखू येते.

हातमोजा पुन्हा काढला. लोंबत राहिला. बाईंनी कौतुकाने विचारलं, ही परीक्षा मला कुणी शिकवली. लेकीने काहीतरी सांगितलं आणि त्या दोघी हसल्या. जावयांनी गाडी थंड असताना सुरू करून बघितली, धूर बघितला, खडबडीत रस्त्याने नेली, गिअर बदलून बघितले, ओळखीच्या मेकॅनिककडे खाली उचलून दाखवली. दोन बुश आणि एक नळी बदलायला सांगितली, तेवढे पैसे किमतीतून कमी झाले. बेल्टला दोन वर्षं आहेत, हे फ्रीजवर लिहून लावलं आहे.

त्या रात्री मी लेकीला खंबाटकीची गोष्ट सांगितली. तेव्हा ती आठ वर्षांची होती, मागच्या सीटवर होती. तिला वाफा आठवत होत्या, ट्रक आठवत होता. मांडवातलं माझं वाक्य तिने ऐकलं होतं का, हे विचारायचं मला धाडस होत नव्हतं. तीच म्हणाली, "मला आठवतंय, आई. म्हणूनच तर मी घाबरले होते."

म्हणजे तिला ना आत्याची भीती होती, ना मामीची. तिला माझी भीती होती.

मग मी तिला म्हटलं, हे मी लिहू का? ती बराच वेळ धाकट्याला थोपटत बसली. मग म्हणाली, "लिही. पण बाबांची चूक नव्हती, हेही लिही." ते लिहिलं आहे.

माझ्या परतीला आता महिनाही उरलेला नाही. गाडीच्या फाइलला मी खाकी कव्हर घातलंय, वर नाव आणि नंबर लिहिलाय, जुन्या सवयीने. आमच्या नातेवाइकांपैकी जे हे वाचतील त्यांनी लेकीला खुशाल फोन करून गाडी कोणती घेतली म्हणून विचारावं. ती सांगेल. किती सालची, किती चाललेली, सगळं सांगेल. फक्त सर्व्हिसिंगविषयी विचारू नका, नाहीतर फाइल उघडून बसेल आणि तुमचं फोनचं बिल वाढेल.